पॅडलमधला तिरका फटका: कधी मारावा, कसा मारावा आणि मारून झाल्यावर कुठे उभे राहावे

सोलापुरात पॅडल (काचेच्या भिंती आणि तारेच्या कुंपणाने वेढलेल्या कोर्टावर दोन-दोनच्या जोड्यांनी खेळायचा रॅकेटचा खेळ) खेळायला येणारे बहुतेक जण बॅडमिंटन, टेनिस किंवा टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटमधून आलेले असतात आणि नेटजवळ चेंडू मिळाला की तो सर्व ताकदीनिशी मारायचा, ही सवय ते सोबत घेऊन येतात. मी स्वतः पहिले सहा-सात महिने असाच खेळलो. जोरात मारलेला चेंडू मागच्या काचेवर आदळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात अलगद येऊन पडायचा, तो सावकाश वळून लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच चेंडू, टाकायचा आणि जिंकलेला वाटणारा गुण पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागायचा. याचे कारण या खेळाच्या जन्मातच आहे. १९६९ साली मेक्सिकोतील अकापुल्को येथे एनरिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेले कोर्ट बांधले, तेव्हापासून पॅडलमध्ये भिंत ही बचाव करणाऱ्याची मैत्रीण आहे. चेंडू जितका जोरात जाईल तितका तो काचेवरून अधिक परत येईल. म्हणून नेटजवळच्या खेळाडूला गुण मिळवण्याचा दुसरा मार्ग शिकावा लागतो, आणि तो म्हणजे चेंडू बाजूच्या तारेच्या जाळीकडे आखूड टप्प्यावर, तिरका पाठवणे.

या लेखात मी सगळीकडे मधल्या जाळ्याला ‘नेट’ आणि कोर्टाभोवतीच्या तारेच्या कुंपणाला ‘जाळी’ म्हणणार आहे, कारण हा फटका समजून घेताना या दोन शब्दांचा घोळ झाला तर सगळेच गणित चुकते.

कोर्टाची मापे प्रथम पाठ करावीत

पॅडलचे कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. नेटची उंची मध्यभागी ८८ सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना जास्तीत जास्त ९२ सेंटिमीटर असते. सर्व्हिस रेषा नेटपासून ६.९५ मीटरवर असते. मागच्या भिंतीपासून पुढे ४ मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना काच असते, आणि तिथून नेटपर्यंतचे ६ मीटर म्हणजे जाळी. हा ६ मीटरचा आकडा या फटक्याचा पाया आहे. टप्पा पडल्यानंतर चेंडू बाजूला जिथे टेकतो ती जागा नेटपासून ६ मीटरच्या आत असेल तर तो जाळीवर जातो. तिथून तो कसा परतेल हे कोणालाच नीट सांगता येत नाही: कधी तारेत जोर हरवून तो खाली गळतो, कधी तारेच्या गाठीवर लागून विचित्र दिशेला उडतो. तीच जागा ६ मीटरच्या पलीकडे गेली की चेंडू काचेवर जातो आणि कॅरमच्या सोंगटीसारखा हिशेबाने, ठरावीक कोनात बाहेर येतो. पहिल्या चेंडूने गुण मिळतो. दुसऱ्या चेंडूने प्रतिस्पर्ध्याला वेळ मिळतो.

एक उदाहरण मोजून पाहू. तुम्ही नेटपासून अडीच मीटर मागे, कोर्टाच्या बरोबर मध्यावर आहात आणि चेंडू डावीकडे मारता. समजा टप्पा पलीकडे नेटपासून ४ मीटरवर आणि बाजूच्या जाळीपासून ८० सेंटिमीटर आत पडला. त्याच दिशेने चेंडू पुढे सरकला तर तो नेटपासून सव्वापाच मीटरच्या आसपास बाजूला टेकेल, म्हणजे जाळीवर. आता त्याच जागेवरून मारलेला चेंडू थोडा लांब आणि थोडा आत पडला, म्हणजे नेटपासून ५ मीटरवर आणि जाळीपासून दीड मीटर आत. डोळ्यांना दोन्ही फटके सारखेच तिरके वाटतात, परंतु हा दुसरा चेंडू नेटपासून आठ मीटरच्या पुढे जाऊन काचेवर लागेल. टप्प्यात एक मीटर लांबी आणि पाऊण मीटर रुंदी यांचा फरक पडला, आणि गुण मिळवून देणारा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या सोयीचा झाला. आमच्या कोर्टावर ‘मी तर तिरकाच मारला होता’ असे वाक्य रोज ऐकू येते. ते खरे असते, पण टप्पा लांब पडलेला असतो.

उलट बाजूने होणारी चूकही ध्यानात ठेवावी. चेंडूचा टप्पा प्रतिस्पर्ध्याच्या जमिनीवर पडण्याआधीच तो त्यांच्या बाजूच्या जाळीला किंवा काचेला लागला तर गुण तुमचा जातो. म्हणून बाजूच्या जाळीला चिकटून नेम धरू नये. जाळीपासून अर्धा ते एक मीटर आत आणि नेटपासून साडेतीन ते साडेचार मीटरवर, एवढा चौकोन आपला मानावा.

चेंडूची उंची आणि नेटपासूनचे आपले अंतर

तिरका फटका मारता येणे हे मनगटावर कमी आणि चेंडू कोणत्या उंचीवर मिळाला यावर अधिक अवलंबून असते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती सविस्तर लिहितो.

चेंडू नेटवरून जायला हवा आणि पलीकडे फक्त ४ मीटरवर जमिनीला टेकायला हवा. जोरात मारलेला चेंडू जवळजवळ सरळ रेषेत जातो असे धरले, तर नेटपासून अडीच मीटर मागून मारताना नेटवरून जातेवेळी त्याची सुरुवातीच्या उंचीपैकी साधारण साठ टक्के उंचीच शिल्लक असते. म्हणजे तो नेटच्या कडेला न लागता पार व्हायला हवा असेल, तर तुम्ही तो जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर घेतलेला असला पाहिजे. बहुतेकांच्या बाबतीत ही छाती ते खांद्याच्या मधली उंची झाली. तुम्ही नेटपासून साडेतीन मीटर मागे असाल तर हीच गरज पावणेदोन मीटरच्या घरात जाते. तुम्ही एक पाऊल पुढे घेऊन नेटपासून एका मीटरवर चेंडू गाठलात, तर मात्र १ मीटर २० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे कमरेच्या थोडा वरचा चेंडूही जोरात तिरका मारता येतो.

यावरून निवडीचा नियम आपोआप निघतो. चेंडू छातीच्या वर असेल तर वेगाने तिरका मारावा. कमर आणि छाती यांच्यामध्ये असेल तर पुढे पाऊल टाकता येते का ते पाहावे. टाकता आले तर मारावा, नाही तर वेग निम्मा करून चेंडूला स्वतःच्या वजनाने वळत खाली पडू द्यावे, कारण हळू गेलेला चेंडू कमान करतो आणि ती कमानच त्याला नेटवरून नेऊन आखूड टाकते. चेंडू नेटच्या कडेपेक्षा खाली असेल तर तिरक्या फटक्याचा विचार सोडून द्यावा आणि तो संथपणे, खोलवर, प्रतिस्पर्ध्यांच्या मधोमध परत करावा. माझे जोडीदार यंत्रमागाच्या धंद्यात तीस वर्षे घालवलेले गृहस्थ आहेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी खालचा चेंडू ओढायला गेलो की ते मागून एवढेच म्हणतात, “अहो, घाई कशाला? वर येऊ द्या त्याला.” खरोखरच चांगल्या जोड्यांचा खेळ पाहिला तर दहा चेंडू परत करून त्यांतला एक तिरका मारावा असा त्यांचा धीर असतो.

आता बाजूकडची आपली जागा. कोर्टाच्या मध्यावरून मारलेला फटका साडेसात-पावणेआठ मीटरचे अंतर कापतो. उजव्या जाळीजवळून, समजा दीड मीटर आतून, डावीकडे मारलेला फटका दहा मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. दुसऱ्या फटक्याचा कोन जास्त तीव्र असतो, तो नेट जवळजवळ मध्यभागी, म्हणजे सर्वांत बुटक्या जागी ओलांडतो आणि टप्प्यानंतर हमखास जाळीवर जातो. त्याचा तोटा असा की चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, आणि फटका अडवला गेला तर तुमची बाजू उघडी पडलेली असते. मध्यावरून मारलेला फटका लवकर पोहोचतो आणि शेवटपर्यंत दोन्ही दिशा लपवता येतात, पण त्याला टप्प्याची अचूकता अधिक लागते. शिकणाऱ्याने सुरुवात बाजूने करावी असे माझे मत आहे, कारण तिथे कोर्टच तुम्हाला मदत करते. मधला फटका हात बसल्यावर शिकावा.

पकड, पाय आणि रॅकेट

पकड हातोडी धरतो तशी, म्हणजे कॉन्टिनेन्टल ठेवावी. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी हवेतच मारलेले फटके, याच पकडीने मारायच्या असतात, कारण नेटजवळ पकड बदलायला वेळ मिळत नाही. मूठ आवळू नये. चेंडू लागण्याच्या क्षणापुरती ती घट्ट व्हावी. रॅकेटची दोरी मनगटात घातलेली असणे नियमानेच बंधनकारक आहे.

प्रतिस्पर्धी चेंडू मारण्याच्या बेतात असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर समतोल उभे राहावे, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि रॅकेट छातीसमोर असावी. चेंडू कुठे येतो हे कळताच आधी खांदा वळवावा, मग पाऊल टाकावे. उजव्या हाताच्या खेळाडूने फोरहँड व्हॉलीसाठी डावा पाय तिरका पुढे टाकावा, बॅकहँडसाठी उजवा. हे पाऊल बाजूला पडता कामा नये, चेंडूच्या दिशेने पुढेच पडावे. वर सांगितलेला दीड मीटर आणि १ मीटर २० सेंटिमीटरचा फरक याच पावलाने मिळतो.

चेंडूला दिशा देण्याचे काम रॅकेट चेंडूला कुठे भेटते यावर ठरते. उजव्या हाताच्या खेळाडूने फोरहँडने चेंडू शरीराच्या बऱ्याच पुढे गाठला तर तो डावीकडे जातो, आणि थोडा उशिरा, खांद्याच्या रेषेजवळ गाठला तर उजवीकडे. बॅकहँडला याच्या उलट होते. म्हणून कोर्टाच्या उजव्या अर्ध्या भागात उभा असलेला उजवा खेळाडू फोरहँडने डावीकडे तिरका मारतो तेव्हा चेंडू पुढे गाठणे हीच खरी अट असते. नवशिके हे विसरतात, चेंडू शरीराजवळ येऊ देतात आणि मग मनगट झटकून दिशा देऊ पाहतात. मनगट झटकले की रॅकेटचा चेहरा क्षणात फिरतो, चेंडू कधी नेटमध्ये तर कधी थेट जाळीवर जातो आणि कोपर दुखायला लागतो तो वेगळाच.

रॅकेट मागे फार नेऊ नये. ती खांद्याच्या मागे गेली नाही म्हणजे पुरे. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, घड्याळाच्या तबकडीवर सांगायचे तर साधारण तीनच्या आकड्यावर रॅकेट लागावी आणि तिचा प्रवास वरून खाली, चेंडूला किंचित कापत व्हावा. या कापण्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते, टप्प्यानंतर तो उसळत नाही आणि जाळीला खालच्या बाजूला लागतो. मंडईत काकडी कापताना सुरी जशी दाबून न कापता ओढून कापते, तशी ही हालचाल असावी. दाबली तर चेंडू नेटमध्ये जातो. फटका संपताना रॅकेट लक्ष्याकडे बोट दाखवल्यासारखी थांबावी. नेटच्या अगदी जवळ असताना दोन गोष्टींचे भान ठेवावे: चेंडू आपल्या बाजूला आल्यावरच मारायचा असतो, आणि रॅकेट, कपडे किंवा अंग नेटला लागले तर गुण जातो.

डावखुऱ्यांनी वरील सर्व सूचना उलट्या वाचाव्यात. जोडीतील एक जण डावखुरा असेल आणि तो उजव्या भागात खेळत असेल तर दोघांचेही फोरहँड मध्यभागी येतात, आणि मध्यावरून दोन्ही बाजूंना तिरके मारणे दोघांनाही सोपे जाते.

फटक्याची जागा आधी तयार करावी

एकटा तिरका फटका क्वचितच जिंकतो. त्याच्या आधीच्या दोन-तीन चेंडूंनी प्रतिस्पर्ध्याला जिथे ढकलले असते तिथून तो जिंकतो. मला सर्वांत भरवशाचा वाटणारा क्रम असा आहे. पहिले दोन चेंडू दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या मधोमध, खोलवर, मागच्या काचेच्या पायथ्याशी टाकावेत. मधला चेंडू कोणी घ्यायचा या विचारात दोघेही आत सरकतात. तसे सरकणे हेच योग्य असते, म्हणून चांगले खेळाडूही सरकतात. तेवढ्याने बाजूला दीड-दोन मीटर जागा मोकळी होते. तिसरा चेंडू तुमच्या छातीवर आला की तो त्या मोकळ्या बाजूला तिरका मारावा. दोघेही मागच्या बाजूला आणि मध्यावर असल्यामुळे त्यांना एकाच वेळी पुढे आणि बाहेर धावावे लागते, आणि हे कोणालाही जड जाते.

दुसरा क्रम एकाच खेळाडूवर चालतो. त्याला त्याच्या कोपऱ्यात सलग दोन खोल चेंडू द्यावेत, ते काचेवरून खेळायला तो मागे रेटला गेला की तिसरा चेंडू त्याच बाजूला आखूड आणि तिरका टाकावा. इथे चेंडूची दिशा बदलत नाही, फक्त लांबी बदलते. प्रतिस्पर्ध्याला ‘हा पुन्हा कोपऱ्यातच येणार’ असे वाटत असताना तो चार मीटर पुढे पडलेला असतो.

काही वेळा तिरका फटका अजिबात मारू नये. प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणी नेटजवळ आलेला असेल तर चेंडू त्याच्या पायाशी किंवा मध्यात मारणे अधिक फायद्याचे असते, कारण नेटजवळचा माणूस तिरका चेंडू दोन पावलांत गाठतो. तुमचा जोडीदार लॉब घेऊन मागे गेलेला असेल आणि परतलेला नसेल तेव्हाही थांबावे. स्वतः धावत असताना, तोल गेलेला असताना मारलेला तिरका फटका बहुतेकदा नेटमध्ये जातो, हे मी माझ्याच खेळावरून खात्रीने सांगू शकतो. गुणसंख्या ४०-४० असताना मोहात पडून मारलेल्या तिरक्या फटक्यांनी मी सामने घालवले आहेत, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक चेंडू कमरेच्या खालचा होता.

सर्व्हिस तिरकी करणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. सर्व्हिसचा टप्पा चौकटीत पडल्यावर चेंडू काचेला लागला तर चालते, परंतु जाळीला लागला तर ती चूक धरली जाते. सर्व्हिस रेषा ६.९५ मीटरवर आणि जाळी ६ मीटरपर्यंत, त्यामुळे काचेचा फायदा घ्यायचा असेल तर सर्व्हिसचा टप्पा रेषेच्या जवळ, खोलवरच पडला पाहिजे. व्हॉलीत जी आखूड लांबी गुण देते तीच सर्व्हिसमध्ये चूक ठरते.

डोक्यावरून येणारा चेंडू

लॉब आला की आपल्याकडे सरसकट स्मॅश मारला जातो. पॅडलमध्ये डोक्यावरच्या चेंडूसाठी तीन वेगवेगळे फटके आहेत आणि तिन्ही तिरके मारता येतात. बांदेहा हा स्पॅनिश शब्द आहे, त्याचा अर्थ तबक. वाढप्याने तबक धरावे तशी रॅकेट डोक्याच्या बाजूला उघडी धरून, चेंडूला उलटी फिरकी देत तो संथपणे पाठवायचा असतो. बांदेहाचा मूळ उद्देश नेटजवळची जागा न सोडणे हा आहे, म्हणून तो सहसा खोलवर जातो. परंतु लॉब आखूड पडला आणि तुम्ही नेटपासून तीन मीटरच्या आत असाल तर हाच फटका पलीकडच्या जाळीकडे आखूड टाकता येतो. उंची भरपूर असल्यामुळे नेटची अडचण राहत नाही. हात मात्र खोल बांदेहासारखाच वर जायला हवा आणि वेग शेवटच्या क्षणी कमी व्हायला हवा, म्हणजे प्रतिस्पर्धी मागेच थांबून राहतो.

विबोरा म्हणजे विषारी साप. या फटक्यात रॅकेट चेंडूच्या बाहेरच्या बाजूने वेगाने फिरते आणि चेंडूला आडवी फिरकी मिळते. काचेवर किंवा जाळीवर लागल्यानंतर तो खाली सरपटतो. ज्यांचा बांदेहा बसलेला नाही त्यांनी विबोराच्या मागे लागू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते; खांदा आणि कोपर दोन्हींवर त्याचा भार पडतो आणि चुकीचा बसलेला हात नंतर सुधारायला वर्ष जाते.

तिसरा फटका म्हणजे चेंडू कोर्टाबाहेर घालवणारा स्मॅश. टप्पा प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात पडून चेंडू बाजूच्या ३ मीटर उंच जाळीवरून बाहेर गेला की गुण मिळतो. काही कोर्टांना बाजूला मोकळी दारे आणि बाहेर सुरक्षित जागा असते. तिथे प्रतिस्पर्धी धावत बाहेर जाऊन तो चेंडू परत आणू शकतो. हा फटका दिसायला सुंदर असला तरी त्यासाठी लॉब आखूड पडावा लागतो, तुम्हाला चेंडूच्या खाली वेळेवर पोहोचावे लागते आणि चेंडू ताजा असावा लागतो. तिन्ही गोष्टी जमल्या नाहीत तर चेंडू मागच्या काचेवरून उसळून प्रतिस्पर्ध्याला सोयीचा मिळतो. तेवढीच उंची वापरून जाळीकडे संथ, तिरका बांदेहा टाकणे हौशी खेळाडूला बऱ्याच अधिक वेळा गुण देते.

फटका मारून झाल्यावर

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि गुण इथेच निसटतात. तिरका चेंडू गाठणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तीन वाटा असतात: त्याच बाजूने सरळ, नेटजवळ संथ तिरका, किंवा घाईत वर उचललेला लॉब. समजा तुम्ही उजव्या भागातून डावीकडे मारले. चेंडू तुमच्या डाव्या हाताच्या जाळीकडे गेला आहे. तेव्हा डाव्या भागातल्या तुमच्या जोडीदाराने जाळीच्या बाजूला एक पाऊल आणि पुढे एक पाऊल जाऊन सरळ वाट बंद करावी, आणि तुम्ही मध्यावर सरकावे. तुमच्या मागे उजव्या बाजूला मोठी जागा मोकळी दिसेल. ती तशीच राहू द्यावी. धावत, खाली वाकून, जाळीजवळून तिथपर्यंत चेंडू पाठवणे सर्वांत अवघड असते, आणि पाठवलाच तर तो इतका हळू येतो की तुम्हाला वळायला वेळ मिळतो. दोघांमधले अंतर दोरी बांधल्यासारखे तीन-साडेतीन मीटर कायम ठेवून एकत्र सरकायचे, एवढे एक सूत्र जमले तरी पुरते.

फटका मारून जागेवर उभे राहून पाहत बसणे ही सवय मला सोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. चेंडू रॅकेट सोडतो त्या क्षणी पाऊल पडले पाहिजे. अण्णा फटका कोणी मारला हे न पाहता चेंडूच्या बाजूला सरकतात, म्हणून वयाच्या साठीतही ते जागेवर असतात.

सराव आणि सोलापूरची हवा

सरावासाठी आम्ही घरातला सोलापुरी टॉवेल वापरतो. नेटपासून ४ मीटरवर त्याचे मध्य येईल आणि जाळीपासून तो अर्धा मीटर आत राहील असा तो लांबीने, नेटला आडवा न ठेवता जाळीला समांतर अंथरावा. जोडीदाराने पलीकडून हाताने, छातीच्या उंचीचे वीस चेंडू टाकावेत. पहिल्या आठवड्यात जोर पूर्ण विसरून फक्त टॉवेलवर टप्पा पाडावा. टॉवेलवर पडलेला चेंडू उसळत नाही, त्यामुळे नेम बरोबर होता की नाही हे आवाजावरूनच कळते. दुसऱ्या आठवड्यात टॉवेल काढून जाळीचा आवाज ऐकावा. तारेचा खणखणाट आला तर फटका बरोबर, काचेचा भरीव ठोका आला तर लांब. तिसऱ्या आठवड्यात जोडीदाराने चेंडू वेगवेगळ्या उंचीवर द्यावेत आणि मारणाऱ्याने प्रत्येक चेंडूआधी ‘तिरका’ किंवा ‘मध्ये’ असे मोठ्याने म्हणावे. निर्णय तोंडाने सांगावा लागला की कमरेखालचे चेंडू ओढण्याची खोड आपोआप उघडी पडते. वीसपैकी बारा चेंडू जाळीवर जाऊ लागल्याशिवाय सामन्यात हा फटका वारंवार वापरू नये.

सोलापूरच्या हवेचा या फटक्यावर थेट परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेल्या चेंडूतील हवेचा दाब वाढतो, तो अधिक उसळतो आणि जाळीवरूनही अधिक बाहेर येतो. अशा वेळी टप्पा आणखी अर्धा मीटर आखूड धरावा आणि फटक्यात कापणे वाढवावे. आम्ही उन्हाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास खेळतो, तेव्हाचा आणि आठ वाजताचा चेंडू यांत हाताला फरक जाणवतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गार संध्याकाळी, याच्या उलट होते: चेंडू जड आणि मंद होतो, टप्प्यानंतर जाळीपर्यंत पोहोचतानाच दमतो. तेव्हा बाहेर घालवणारे स्मॅश जवळजवळ बंद करावेत आणि संथ तिरक्या व्हॉलीवर भर द्यावा, कारण त्या हवेत तिच्याइतका जीवघेणा फटका दुसरा नाही.

कृत्रिम गवतावर पसरलेली वाळू आणि आपल्याकडची धूळ पायांनी ढकलली जाऊन जाळीच्या कडेला साचते. तिथे टप्पा पडलेला चेंडू उसळायच्या ऐवजी घसरतो. तिरका मारणाऱ्याला हे सोयीचे वाटते, पण त्याच कडेला धावणाऱ्याचा पाय घसरून घोटा मुरगळू शकतो, म्हणून खेळण्यापूर्वी चारही कडांवरून झाडू फिरवून वाळू सारखी करून घ्यावी. सरावाला जुने, दाब गेलेले चेंडू वापरत असाल तर ते जाळीपाशी मरतात आणि आपला हात बसला असे उगाच वाटते. आठवड्यातून एकदा तरी नवा डबा उघडून, त्याच टॉवेलवर, तेच वीस चेंडू मारून पाहावेत आणि किती जाळीवर गेले ते वहीत लिहून ठेवावे.